मोठे बॉक्स घेण्यापूर्वी

परवा एका छोट्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा तरुण दवाखान्यात आला. कार्यक्रमानंतर रात्रभर कानात गुणगुण होते, ही तक्रार. वर म्हणाला, "डॉक्टर, आता याहून मोठे बॉक्स घेतोय." मी म्हटले, "अरे, आधी ऐक!"

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कानाची मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात अवघी १५ मिनिटे! आतल्या कानातील नाजूक पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्यावर औषध नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत: दोनशे माणसांच्या सभागृहाला मैदानाचे बॉक्स नकोत. बेताचे दोन स्पीकर उंच स्टँडवर, माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. माइक शिट्टी मारणार नाही आणि पुढच्या रांगेतल्या मुलांचे कानही वाचतील. गायकासाठी छोटा मॉनिटर घ्यावा. उरलेल्या पैशात चांगला माइक आणि वादकांना इअरप्लग घ्यावेत. कापसाचे बोळे पुरेसे नाहीत.

गुणगुण दुसऱ्या दिवशीही राहिली, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.