हसू येते कुठून?

एखादे पोर शाळेतून येते, दप्तर टाकते आणि विनोद सांगायला बसते. उत्साहाच्या भरात शेवटचे वाक्यच आधी बोलून जाते. कोणी हसत नाही. मग ते रडवेले होऊन म्हणते, "पण वर्गात तर सगळे हसले होते!" शब्द तेच, गोष्टही तीच, तरी हसू हरवले. कारण विनोदात क्रमाला फार महत्त्व असते. पुढे काय येणार ते आपल्याला कळले, असे ऐकणाऱ्याला आधी वाटावे लागते. मग वाट भलतीकडे वळली की तो हसतो.

मुल्ला नसरुद्दीनची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. मुल्ला मिंबरवर चढून विचारतात, "मी काय सांगणार आहे, ठाऊक आहे का?" लोक म्हणतात, नाही. "मग अशा बेखबर माणसांशी काय बोलायचे?" म्हणून मुल्ला उतरतात. पुढच्या वेळी लोक हो म्हणतात. "मग सांगायची गरजच काय?" मुल्ला पुन्हा घरी. तिसऱ्या वेळी लोक ठरवून येतात. अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही. मुल्ला म्हणतात, "छान! ज्यांना ठाऊक आहे त्यांनी बाकीच्यांना सांगावे."

एकदा घडले की ती घटना असते, दुसऱ्यांदा घडले की मन त्याचा नियम करून टाकते. तिसऱ्या वेळी गावकऱ्यांबरोबर आपणही मुल्लांना कोंडीत पकडायला बसलेलो असतो. म्हणून तर मुल्ला निसटले की हसू दुप्पट येते.

मात्र अनपेक्षित ते सगळेच हसवत नाही. मुल्ला शेजाऱ्याकडून हंडा आणतात आणि परत करताना आत एक छोटे भांडे ठेवतात. "तुमच्या हंड्याला बाळ झाले!" शेजारी खुशीत दोन्ही ठेवून घेतो. पुढच्या वेळी हंडा परतच येत नाही. विचारले तर मुल्ला म्हणतात, "तो वारला." हंडा कधी मरतो का, असे शेजारी ओरडतो. पण बाळंतपण मान्य करणाऱ्याला मयत नाकारता येत नाही! हंडा उडून गेला असे मुल्ला म्हणाले असते, तर आपणही चकित झालो असतो, पण हसलो नसतो. शेवट अनपेक्षित हवा, आणि ऐकल्यावर वाटायला हवे की हेच व्हायचे होते.

तिर्मिझी आणि अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहांतला एक प्रसंग आम्हाला या बाबतीत सर्वांत मोलाचा वाटतो. एकाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे स्वारीसाठी जनावर मागितले. उंटिणीचे लेकरू देतो, असे उत्तर मिळाले. तो गोंधळला, लेकरू घेऊन काय करू? आपण (स.) म्हणालात की प्रत्येक उंट उंटिणीच्याच पोटी येतो ना? गंमत 'लेकरू' या शब्दात आहे. मराठीत 'पिल्लू' म्हटले तर ती निसटते, कारण पिल्लू लहानच असते. आईला मात्र साठीचा मुलगाही लेकरूच. मागणाऱ्याची फजिती क्षणभराची, त्याला मिळणार होता धडधाकट उंट, आणि सगळ्या बोलण्यात खोटे एक अक्षर नाही.

आता मोबाईलवरचे 'प्रँक' पाहा. मुलाला अपघात झाला असे आईला सांगायचे, तिचा चेहरा टिपायचा आणि मग "गंमत केली!" चकवा इथेही आहे. पण आईला जे खरे वाटले ते साफ खोटे होते आणि हसणारे दुसरेच आहेत. झोपलेल्या सोबत्याची दोरी काढून त्याला दचकवणाऱ्यांचा प्रसंगही अबू दाऊद यांच्याकडे आहे. मुसलमानाने मुसलमानाला घाबरवणे वैध नाही, असे तिथे स्पष्ट सांगितले गेले. दस्तरखानावर नव्या सुनेच्या माहेरच्या बोलीची नक्कल होते, तेव्हा आम्ही तिच्याकडे पाहतो. ती सगळ्यांच्या नंतर, जरा उशिराने हसते. तो उशीर घरातल्या मोठ्यांना दिसायला हवा.

तुर्कस्तानातल्या अक्शेहिर गावी नसरुद्दीनची म्हणून एक कबर दाखवतात. बाजू मोकळ्या आणि दाराला भलेमोठे कुलूप, अशी तिची ख्याती आहे. त्यांच्या गोष्टी सांगण्याच्या परंपरेला युनेस्कोने 2022 साली मानवी वारशाच्या यादीत जागा दिली, तुर्कस्तान, अझरबैजान, उझबेकिस्तान अशा सात देशांच्या नावे. मुल्ला आमचेच, असे प्रत्येकाचे म्हणणे. ही भानगड ऐकून मुल्लांनी सातही जणांना "तुमचेच खरे" म्हटले असते.