दहा मिनिटांची फेरी

सीताबर्डीच्या शाखेत असताना रविवारी मुलांना घेऊन अंबाझरीला जायचे, बोटीत एक फेरी मारायची आणि शेंगा खात घरी परतायचे, ही आमची ठरलेली चैन. बँकेत नोटांचे बंडल दोनदा मोजल्याशिवाय मी कुणाला देत नसे. बोटीतली माणसे मात्र कधीच मोजली नाहीत!

२०१७च्या जुलैमध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात बोट उलटून सहलीला गेलेले तरुण बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसे जास्त होती आणि लाइफ जॅकेट सर्वांना नव्हते.

परवा नातवाला घेऊन एका तलावावर गेलो. जॅकेट मागितले, तर बोटवाला हसला, "काका, दहाच मिनिटं तर आहेत!" बाकीचेही हसले. मी ओशाळलो. आपण पाण्याला भीत नाही, भित्रे दिसायला भितो. नातू रुसला, तरी उतरलो. आमच्यामागून आणखी एक कुटुंब उतरले. मग कुठून तरी जॅकेट निघाली!

नियम सरकारने करावेत, तपासणीही करावी. पण बोट सुटण्यापूर्वी माणसे आणि जॅकेट मोजायला आपल्याला कुणाच्या सहीची गरज नाही.