शोभेची तलवार आणि पक्के बिल

आळंदीत लग्नसराई लागली की फेट्याचे कापड घ्यायला आलेले गिऱ्हाईक आम्हाला हमखास विचारते, "शेठ, नवरदेवाच्या हातात द्यायला तलवार मिळेल का?" दिवाणखान्यात टांगायला जुन्या घाटाची धोप किंवा पट्टा मागणारे हौशीही आहेत. धंदा वाईट नाही. धार लावणारा, जिल्हई करणारा शिकलगार आपल्याच बिरादरीचा. त्याचा हुन्नर टिकावा असे आम्हालाही वाटते.

पण एप्रिल 2022 मध्ये इथून जवळच दिघीत पोलिसांनी कुरिअरच्या पार्सलांतून 97 तलवारी जप्त केल्या, हे विसरू नका. शस्त्र कायदा 1959 सालचा आहे. त्याखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची तलवार हत्यारात मोडते. बनवायला, विकायला परवाना लागतो. "साहेब, शोभेची आहे" एवढ्यावर सुटका होत नाही. त्यातून दुकानाच्या पाटीवर आपले नाव असले की मालाची बातमी व्हायला वेळ लागत नाही, हेही उघड बोलले पाहिजे.

म्हणून व्यापारी बंधूंना विनंती, परवाना नसेल तर पोलादी पाते दुकानात ठेवू नका. नवरदेवासाठी लाकडी पाते, नक्षीची मूठ आणि मखमली म्यान पुरते. कारागिराची खरी मजुरी मुठीत आणि म्यानातच आहे. पोलादीच हवी असेल त्याला परवानेवाल्याकडे पाठवा आणि पक्के बिल घ्यायला सांगा. रोजी हलाल हवी, तशी कागदावरही साफ हवी.