राजदंड आणि क्रूस

१६८३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपल्या होत्या. जुवे बेट मराठ्यांनी जिंकले होते आणि ते परत घ्यायला गेलेला पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर स्वतः जखमी होऊन कसाबसा माघारी आला होता. जुने गोवे आता पडणार, याविषयी कोणाच्या मनात शंका उरली नव्हती. अशा घटकेला विजरई चर्चमध्ये गेला. सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी त्याने उघडविली आणि आपला राजदंड व अधिकारपत्रे संताच्या देहापाशी ठेवून, आता हे राज्य तुम्हीच सांभाळा, असे त्याला साकडे घातले. पुढे औरंगजेबाचा पुत्र शाहआलम मोठी फौज घेऊन कोकणाच्या रोखाने निघाल्यामुळे संभाजी महाराजांना वेढा उठवावा लागला. गोवा वाचला तो मोगलांच्या हालचालीमुळे. पण पोर्तुगीजांनी त्याचे श्रेय संताच्या खाती जमा केले. नव्या गव्हर्नराने संताच्या समाधीपाशी जाऊन राजदंड स्वीकारायचा, असा परिपाठच पुढे पडला.

हा प्रसंग साधा नाही. संकटात सापडलेल्या माणसाने देवाला शरण जावे, यात वावगे काही नाही. परंतु येथे भक्त देवाच्या चरणी लीन झाला नव्हता. त्याने संताला आपल्या साम्राज्याच्या नोकरीत रुजू करून घेतले होते. ज्या संताला गोव्यातील भाविक ‘गोंयचो सायब’ म्हणतात, तो लिस्बनच्या राजाचा एक अधिकारी बनला. आता त्या संताची भक्ती आणि पोर्तुगालच्या राजाशी निष्ठा यांत फरक तो कसा करायचा?

ख्रिस्ताच्या चरित्रात मोहाची एक कथा आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान त्याला उंच डोंगरावर नेतो, जगातील सारी राज्ये व त्यांचे वैभव दाखवतो आणि माझ्यापुढे एकदा वाक, हे सगळे तुझे, असे सांगतो. ख्रिस्त नकार देतो. ज्या धर्माच्या संस्थापकाने राज्याचा मोह असा झिडकारला, त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेला मात्र तो मोह शतकानुशतके आवरता आला नाही. याचे दाखले शोधायला युरोपात जाण्याची गरज नाही. आपल्या कोकणपट्टीचा चारशे वर्षांचा इतिहास पुरेसा आहे.

पंधराव्या शतकात पोपने पोर्तुगालच्या राजाला जे अधिकार दिले, त्यांतून ‘पाद्रोआदो’ नावाची व्यवस्था आकाराला आली. राजाने चर्च बांधावीत, पाद्र्यांचा खर्च सोसावा आणि त्या बदल्यात पूर्वेकडचे बिशप राजाने सुचवावेत, असा हा व्यवहार होता. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये तेथे बिशपपीठ स्थापन झाले. त्यानंतर देवळे कशी पाडली गेली, कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा यांना खाडी ओलांडून अंत्रूज महालात कसा आश्रय घ्यावा लागला, १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशनने किती घरे उद्ध्वस्त केली, हे या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ते विसरण्याचेही कारण नाही. परंतु या इतिहासाची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सत्तेशी बांधल्या गेलेल्या या धर्मसंस्थेने जे ख्रिस्ती झाले त्यांनाही न्याय दिला नाही.

दिवाडी बेटावरच्या महाले घराण्यात सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या मातेउश द कास्त्रो याची कहाणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. त्याला पाद्री व्हायचे होते. पण तो एतद्देशीय असल्याने गोव्याच्या आर्चबिशपने त्याला दीक्षा नाकारली. हा जिद्दी तरुण खुश्कीच्या मार्गाने थेट रोमला पोहोचला, तेथे शिकला, पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशपही झाला. परत आल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याचे बिशपपद मानायलाच नकार दिला. पोपने दिलेल्या पदापेक्षा राजाची मर्जी मोठी ठरली. अखेर आदिलशाहीतल्या डिचोलीत त्याने आपले ठाणे केले आणि गोव्यातील आपल्या बांधवांना पोर्तुगीजांविरुद्ध उठण्याची चिथावणी दिली. पोर्तुगीजांच्या लेखी तो राजद्रोही ठरला, यात नवल ते काय?

पुढे १७६१ मध्ये राजाज्ञा निघाली आणि एतद्देशीय ख्रिस्ती प्रजाजनांना पोर्तुगीजांच्या बरोबरीचा दर्जा कागदावर मिळाला. तो कागदावरच राहिला. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याभोवती शिजलेला उठावाचा बेत फुटला. त्यात लष्करी अधिकारी होते आणि पाद्रीही होते. वरची पदे गोऱ्यांनाच मिळतात, ही त्यांतील अनेकांची व्यथा होती आणि तिच्यात व्यक्तिगत निराशाही मिसळलेली असेल. पण शासनाने त्यांना दिलेली शिक्षा मात्र पुरेपूर होती. पंधरा जणांना देहदंड झाला आणि पाद्र्यांची रवानगी लिस्बनच्या तुरुंगांत झाली. ज्या राजाशी निष्ठा हीच धर्मनिष्ठा म्हणून त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले होते, त्या राजाने त्यांना कधीच आपले मानले नव्हते.

गोव्याच्या उत्तरेला, वसई-मुंबईच्या पट्ट्यात, हाच खेळ वेगळ्या रंगात चालला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण तेथील आगरांत आणि कोळीवाड्यांत राहणारे ख्रिस्ती गेले नाहीत. त्यांचा धर्म राहिला आणि त्यांची मराठी बोलीही राहिली. मात्र मुंबई बेटावर त्यांच्याच धर्मबांधवांची फरफट सुरू झाली. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना निष्ठेचा संशय घेऊन काढून लावले होते. १७९४ मध्ये चर्चची चक्क वाटणी झाली. काही चर्च पाद्रोआदोची म्हणजे पोर्तुगालच्या छायेतील, तर काही थेट रोमच्या हाताखालची. देव एक, धर्मग्रंथ एक, भाषा एक. पण एकाच शहरात दोन धर्माधिकारी आणि दोन तट! भांडण देवाबद्दल नव्हते, राजाबद्दल होते. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, येथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे आणि कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे इंग्रजांना पटविण्याची गरज त्यांना वाटत होती. शेकडो वर्षे याच मातीत राबलेल्या, लग्नात मराठी गाणी गाणाऱ्या माणसांना स्वतःची ओळख सांगण्यासाठी एका परकी व्यापारी कंपनीचे नाव घ्यावे लागले, यापेक्षा केविलवाणे ते काय?

परंतु त्याच समाजातून जोसेफ बॅप्टिस्टा उभे राहिले. माझगावच्या माथारपाखाडीत वाढलेला, केंब्रिजला शिकलेला हा बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचा निकटचा सहकारी झाला. १९१६ मध्ये लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तिचे अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आले. मुंबईचे कामगार त्यांना ‘काका’ म्हणत. ते मुंबईचे महापौरही झाले. लोकमान्यांच्या बाजूला उभे राहण्यासाठी त्यांना आपला क्रूस उतरवावा लागला नाही आणि लोकमान्यांनीही तशी अपेक्षा केली नाही. त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तभक्तीला भारतीय रूप देण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या धर्मांतराविषयी आपले मतभेद असतील, आहेतच. परंतु परक्या मिशनच्या पगारातून आपली भक्ती मोकळी करण्याची त्यांची धडपड प्रामाणिक होती, हे मान्य करायला हवे.

गोव्यात हेच काम चांदरच्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी केले. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली आणि गोमंतकीयांच्या मनाचे राष्ट्रीयत्व कसे हिरावले गेले, याची कठोर चिकित्सा १९४४ मध्ये पुस्तिकेतून मांडली. ती मांडणी प्रामुख्याने स्वतःच्याच ख्रिस्ती समाजाला आरसा दाखवणारी होती. सालाझारच्या राजवटीने त्यांना पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडले. तेथून सुटका करून घेऊन ते परतले आणि १९५८ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. गोवा मुक्त झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सालाझारचा जगापुढचा युक्तिवाद ठरलेला होता. गोवा ही पूर्वेकडची ख्रिस्ती भूमी, ती भारताच्या हाती देणे म्हणजे धर्म बुडवणे! वस्तुतः गोव्यातील बहुसंख्य प्रजा हिंदूच होती. १९४० च्या करारांनी रोम आणि लिस्बन यांचे नाते नव्याने बांधले गेले होते, त्यामुळे या युक्तिवादाला वजन होते. पण १९५५ च्या जुलैत पंडित नेहरू रोममध्ये पोप बारावे पायस यांना भेटले आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे, याविषयी दोघांत दुमत नसल्याचे नेहरूंनी जाहीर केले. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वर्षीच्या सत्याग्रहात जगन्नाथराव जोशींसारखे जनसंघाचे कार्यकर्ते पोर्तुगीज तुरुंगात गेले. त्याआधी १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त करताना स्वयंसेवकांनी पराक्रम गाजवला होताच. त्यांपैकी कोणाचेही भांडण झेवियरच्या भक्तांशी नव्हते. ते झेवियरच्या हाती ठेवलेल्या राजदंडाशी होते.

याच काळातील मुंबईची एक घटना आवर्जून सांगायला हवी. १९२८ च्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचा. भारतीयाला त्यात जागाच नव्हती. १९३७ मध्ये आलेले इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांना हे खटकले. व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती कारभार सोपवून ते १९४६ मध्ये मुंबईतून दूर झाले. १९५० मध्ये तो करार संपला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले. पुढे १९५३ मध्ये तेच पहिले भारतीय कार्डिनल ठरले. आपल्या देशाची सत्ता आणि आपला धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओळखून एका इंग्रज धर्मगुरूने आपली खुर्ची रिकामी केली. मोहाच्या डोंगरावरून खाली उतरणे शक्य असते, याचा हा पुरावा आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज आर्चबिशप १९६२ मध्ये निघून गेले. तरीही गोव्याच्या भूमिपुत्राला तेथील आर्चबिशप होण्यासाठी १९७८ साल उजाडावे लागले. मग ख्रिस्ती धर्म बुडाला का? २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती पंचवीस टक्के होते. झेवियरच्या अवशेषांचे दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झाले, तेव्हा रांगेत हिंदूही होते. राजदंड गेला, संत राहिला. सत्तेच्या आधारावाचून श्रद्धा टिकत नाही, हा सालाझारचा दावा इतिहासाने असा निकालात काढला.

हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. परका राजा गेला, तरी मोह गेलेला नाही. २०१७ मध्ये गुजरातच्या निवडणुकीआधी गांधीनगरच्या आर्चबिशपनी राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा, अशा आशयाच्या प्रार्थनेचे पत्र काढले. २०१८ मध्ये दिल्लीच्या आर्चबिशपनी अशांत राजकीय वातावरणाचा उल्लेख करून २०१९ च्या निवडणुकीवर दृष्टी ठेवून प्रार्थनेचे आवाहन केले. त्यात राजकारण नव्हते, असा खुलासा नंतर झाला. सरकारवर टीका करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे आणि पाद्रीही नागरिकच आहे. परंतु व्यासपीठावरून नागरिक म्हणून बोलणे वेगळे आणि वेदीवरून धर्माज्ञा म्हणून बोलणे वेगळे. भाविकाची श्रद्धा ज्या दिवशी मतपेटीकडे वळवली जाते, त्या दिवशी पाद्रोआदोच नव्या नावाने परत येते. ख्रिस्ती बांधवांनी बॅप्टिस्टांचा वारसा घ्यायचा की विजरईचा, हा निर्णय त्यांनीच करायचा आहे.

मात्र हा आरसा केवळ दुसऱ्यापुढे धरण्यासाठी नाही. आपली पूजापद्धती वेगळी असल्यामुळे आपण या मोहापासून सुरक्षित आहोत, असे समजणे भाबडेपणाचे होईल. सत्ता प्रतिकूल असताना निष्ठा राखणे अवघड असते खरे. पण सत्ता अनुकूल असताना ती शुद्ध राखणे त्याहून अवघड असते. कोणत्याही पक्षाच्या नेत्याने आपला राजदंड देवाच्या मूर्तीपाशी आणून ठेवला, तर त्याला विचारावे लागेल, बाबा रे, तू देवाला शरण आला आहेस की देवाला कामाला लावायला आला आहेस? संत, महंत, कीर्तनकार आणि कार्यकर्ते यांनी हा प्रश्न विचारण्याची ताकद गमावली, तर चारशे वर्षांचा गोमंतकाचा धडा आपण वाया घालवला, असेच म्हणावे लागेल. राज्ये येतात आणि जातात. समाजाला धारण करतो तो धर्म, आणि त्याने कोणत्याही दरबारात हात बांधून उभे राहता कामा नये.