मंडळी वाढते तेव्हा

नाताळची धावपळ ओसरते न ओसरते तोच २९ डिसेंबर येतो. १९१२ साली याच दिवशी कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये वेदनायगम सॅम्युएल अझरया यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. आपल्याकडे हा दिवस कोणी फारसा पाळत नाही. तो पाळावा असे आम्हाला मनापासून वाटते, ते त्यांनी पुढे डोर्नकलला जे केले त्यासाठी.

डोर्नकल हे निजामाच्या राज्यातले रेल्वे जंक्शन. आपले औरंगाबाद, जालना तेव्हा त्याच राज्यात होते. अझरया तमिळ, तिरुनेलवेलीकडच्या एका खेड्यातल्या पाळकांचे चिरंजीव. ते तेलुगू शिकले आणि तिथे मिशनरी म्हणून गेले. माला आणि मादिगा या दलित समाजांतल्या वाड्याच्या वाड्या त्या काळात बाप्तिस्मा मागत होत्या. १ जानेवारी १९४५ रोजी अझरया वारले, तोवर धर्मप्रांतातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांच्या वर गेली होती.

मंडळी लहान असते तेव्हा पाळकाला घरोघरची दुखणीखुपणी ठाऊक असतात. ती वाढली की प्रार्थनेला, भांडण मिटवायला, अंत्यविधीला सगळ्यांना तोच एक माणूस हवा असतो आणि हळूहळू त्या माणसालाही ते आवडू लागते. अझरया यांनी हे होऊ दिले नाही. त्यांनी खेड्याखेड्यात त्याच समाजातले शिक्षक आणि सुवार्तिक उभे केले, त्यांतल्या निवडक लोकांना शिकवून दीक्षा दिली. पाळकपणाच्या शिक्षणाला येणारे कुटुंबासह येत. त्यांच्या बायकांच्या शिक्षणाकडे अझरया यांच्या पत्नी अन्बू लक्ष देत. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आपल्याच डोक्यावर हात ठेवून, सुवार्ता सांगितली नाही तर माझी धडगत नाही, या आशयाचे पौलाचे वचन म्हणायचे, असा त्यांचा परिपाठ होता. काल आत आलेल्या माणसावर आजच जबाबदारी, आणि तीही त्याच्याच तोंडून.

पैशाचेही तसेच. भात रांधताना घरच्या बाईने मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि रविवारी देवळात आणायचे. ज्यांच्या घरात उद्याच्या भाताची खात्री नाही, त्यांच्याकडून हे घ्यावे का, असा प्रश्न कोणालाही पडेल. अझरया यांचे उत्तर स्पष्ट होते: गरिबालाही देण्याचा मान आहे, तो त्याच्याकडून काढून घेऊ नये. मिनार आणि घुमटांचे, देशी घडणीचे डोर्नकलचे कॅथीड्रल उभे राहिले ते १९३९ साली. माणसे आधी उभी राहिली.

१९१० मध्ये एडिंबरोच्या परिषदेत याच अझरयांनी जगभरच्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले होते की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ दिलेत, आता मैत्री द्या. ते भाषण आपण अभिमानाने सांगतो. पण गोऱ्या साहेबांकडे आपण जे मागितले, ते आपले पाळक गावच्या प्रचारकाला देतात का? कित्येक ठिकाणी तो आजही ‘आमचा माणूस’ असतो, सहकारी नसतो.

आपल्याच माणसांच्या बळावर उभे राहण्याची भूक मराठी मंडळीला नवी नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. देशी माणसांची, देशी पायावर उभी राहणारी मंडळी हे त्यांचे स्वप्न होते. दोनच वर्षांनी ते गेले आणि त्यांच्यामागे दरबार फोफावला नाही. टिळकांची भजने आपण प्राणपणाने जपली, याचा आनंद आहे. पण त्यांच्या तोलाचे पुढारी घडवणारी व्यवस्था आपण उभी करू शकलो नाही, हे दुःखही मोठे आहे.

आज शहरांच्या उपनगरांत आणि खेडोपाडी नव्या प्रार्थनासभा वाढत आहेत. काही ठिकाणी फ्लेक्सवर पाळक पतिपत्नींचा फोटो आधी दिसतो आणि प्रभूचे नाव शोधावे लागते. जुन्या मंडळ्यांत पाळकीय समितीच्या निवडणुका आणि मिळकतींचे खटले यांतच वर्षे सरतात. दोन्हीकडे नुकसान एकच: पाळकाची बदली झाली किंवा तो गेला की मंडळी पोरकी होते.

जानेवारीत ठिकठिकाणी वार्षिक सभा भरतील. जमाखर्च वाचण्याआधी तिथे एक यादी वाचावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पाळकसाहेब बाहेरगावी असताना वर्षभरात उपासना कोणी चालवली, आजाऱ्यांकडे कोण गेले, आणि त्यांत बाया किती होत्या. नावे निघाली नाहीत तर नवे बांधकाम वर्षभर थांबवावे आणि त्या पैशातून मंडळीतल्या दोघातिघांना शिकायला पाठवावे.