मुळशीचें तळें आणि द्राक्षाचा वेल

हंगेरी देशांत बालातोन नांवाचें सुमारें ७७ किलोमीटर लांबीचें सरोवर आहे. त्याच्या उत्तर कांठीं बादाचोन्य हा शांत झालेल्या ज्वालामुखीचा डोंगर असून, त्याच्या उतारावर द्राक्षमळे पिढ्यानपिढ्या उभे आहेत व तेथेंच त्यांचें मद्य होतें. हें वाचून मुळशीच्या खातेदाराच्या मनांत सहजच येईल कीं, तळें आमच्यापाशीं आहे, दगडहि काळाच आहे; मग आम्हीं द्राक्षें कां लावूं नयेत? प्रश्न वाजवी आहे. परंतु खांब रोवण्यापूर्वीं त्याचा नीट विचार व्हावा.

दगडाचें साम्य खरें आहे. सह्याद्रि लाव्हाच्या थरांचाच बनलेला असून नाशिकची द्राक्षभूमिहि त्याच दगडाची आहे. तेथें गंगापूर धरणाच्या परिसरांत सुला या कारखान्याचें पहिलें मद्य २००० सालीं तयार झालें. तेव्हां हरकत दगडाची नाहीं कीं पाण्याची नाहीं. ती आभाळाची आहे.

नाशिकास वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. बालातोनच्या कांठींहि तो फारसा निराळा नाहीं. मुळशीच्या घाटमाथ्यावर तो ३,००० मिलिमीटरांच्या वर जातो. आपल्याकडे वेलाची एक छाटणी एप्रिलांत व दुसरी ऑक्टोबरांत होते. एप्रिलनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढील घड धरतो व त्यास स्वच्छ ऊन लागतें. नेमके त्याच सुमारास मुळशीवर ढग उतरतात. मग डोळे वांझ राहतात, पानांवर केवडा पडतो आणि फवारलेलें औषध पुढच्या सरींत धुवून जातें. पूर्वेकडे पाऊस कमी आहे. तेथें कोणास हौस असल्यास मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन चार गुंठ्यांवर प्रयोग करावा. मात्र त्यासाठीं जमीन गहाण टाकूं नये.

जमिनीची गोष्ट आम्ही मुद्दाम काढतों. १९२१ सालीं याच खोऱ्यांतील मावळ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढें सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें. तरी धरण झालें, आणि त्याचें पाणी वीज करण्यासाठीं कोंकणांत भिऱ्यास उतरतें. बुडून उरलेली जमीन आज बंगल्यांसाठीं मागितली जाते. उद्यां कोणी द्राक्षमळ्याचें चित्र दाखवून ती मागूं लागला, तर त्यास वेल हवा आहे कीं सातबारा, हें आधीं ओळखावें.

बादाचोन्यपासून घेण्यासारखा धडा निराळाच आहे. तेथील केकन्येल्यू नांवाच्या द्राक्षाचें फूल केवळ मादी असतें. शेजारीं दुसरी जात लावल्यावांचून तें फळत नाहीं. पीकहि बेताचेंच. तरी लोकांनीं ती जात टिकविली, कारण डोंगराचें नांव तिच्याशीं जोडलेलें आहे.

आपला केकन्येल्यू म्हणजे आंबेमोहर. तो उंच वाढून लोळतो, उतारा कमी देतो. परंतु शिजतांना त्याचा वास शेजारच्या घरीं जातो. त्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. असें असतां बाजारांत भलताच तांदूळ त्याच्या नांवानें खपतो, आणि आपण आपला माल सुटा सुटा व्यापाऱ्यास घालतों. सबब गांवोगांव शुद्ध बियाणें राखावें, भात एकत्र सडावें व मुळशीच्या नांवाच्या पिशवींतूनच विकावें. परक्याच्या वेलास मांडव घालण्यापेक्षां आपल्या भाताच्या लोंबीस आधार देणें अधिक फायद्याचें, असें आमचें स्पष्ट मत आहे.