सातबाऱ्यावरची तेरा वर्षे

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या कराव्यात कुणालाही विचारा, "शेती कधीपासून?" उत्तर एकच, "वाडवडलांपासून." हे खरे आहे आणि नाहीही. कसण्यात पिढ्या गेल्या. मालकी मात्र पुष्कळांकडे फार उशिरा आली.

खाडीला बांध घालून जमीन काढणे हे आगरी समाजाचे कसब. बांधाला उघाडी ठेवायची, भरती अडवायची, पावसाच्या पाण्याने खार धुऊन काढायचा आणि मग भात लावायचे. एका रात्री बांध फुटला की पुढच्या वर्षांचेही पीक गेले. म्हणून बांध एकट्याचा नसे, गावाचा असे. एवढे करून कित्येकांचे निम्मे भात खोताच्या नाहीतर सावकाराच्या कोठारात! याविरुद्ध अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप झाला. शेतकऱ्यांनी जमीनच कसली नाही. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ मालक मानले गेले. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी जाऊ लागल्या. मधली वर्षे मोजा. तेरा!

आमच्या सभांतून मात्र इतिहास सुरू होतो तो भूसंपादनापासून. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात उरण तालुक्यात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले. साडेबारा टक्के भूखंड मिळाले ते त्यांच्या रक्तावर. ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण आपण केवळ मोबदल्याचेच वारस आहोत काय? आणि वारस म्हणजे तरी कोण? लावणी, कापणी, बांधावर चिखलाच्या पाट्या, यात बायांचा वाटा पुरुषांहून कमी नव्हता. सातबाऱ्यावर त्यांची नावे किती सापडतील? भूखंडाची वाटणी निघाली की बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची घाई सिडको करीत नाही, आपल्याच ओट्यावर होते. मी मुलगी आहे म्हणून हे लिहीत नाही. (लिहीत असले तरी हरकत नसावी.)

ज्या बायांनी शेवटची लावणी केली त्या आता थकल्या आहेत. माझ्या आजीला शेतांची नावे तोंडपाठ आहेत. सेक्टरच्या नकाशात त्यांतले एकही नाही. ती नावे मी वहीत उतरवून घेत आहे. सारसोळे, दारावे, बेलापूरच्या मैत्रिणींनीही सुट्टीत आपापल्या घरी विचारावे, आणि कोणत्या शेतात कोण राबले तेही लिहून आणावे.